विसाव्याचा दगड

"दिगू, विसावा आला बघ. तुझ्या बाबांना घटकाभर खाली टेकव," शववाहिकेत तिरडीशेजारी बसलेली आई म्हणाली.

गावातली प्रत्येक तिरडी आजवर खांद्यावरून जाताना स्मशानाच्या वाटेवर या दगडापाशी टेकत आली होती. पण या गाडीला चालक नव्हता. टपावरचं यंत्र उपग्रहांकडून दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा घेई आणि गाडी आखल्या रेघेवरून चाले. यादीतल्या थांब्याखेरीज ती थांबत नसे, दारही उघडत नसे.

ती यादी दिगंबरनंच भरली होती. तालुक्यातल्या गाड्यांवर यंत्रं बसवताना त्यानं दवाखाना घातला, सक्तीचं म्हणून स्मशान घातलं. विसावा तेवढा राहिला. नव्या कामाच्या पहिल्याच दिवशी ते अशुभ नाव स्वतःच्या हातानं कशाला लिहायचं, म्हणून त्यानं मुद्दाम गाळला होता.

आता तो दारावर धडाधड हात आपटत होता. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. काचेपलीकडून दगड मागे गेला.

आई वळून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्या वेळी तरी थांबव रे."

दिगंबरनं मान डोलावली. यादी एकदाच भरता येई. ती कायमची बंद होऊन सहा वर्षं झाली होती. ती उघडणं आता कुणाच्याच हातात नव्हतं.