कानामागची पट्टी

चर्चमधली नाताळची मिस्सा आटोपून घरी आल्यावरही सिसिलियाने देखाव्यातल्या गोठ्यात बाळ येशू ठेवला नव्हता. तो शेंडेफळाने ठेवायचा ही घरची रीत, आणि शेंडेफळ जोविता दोन वर्षांपासून चंद्रावरच्या खाणीत नोकरीला होती.

पडद्यावर आली तीच हसत.

"मम्मी, माझ्यासाठी थांबलीयस? अगं, ठेवून टाक ना, त्यात काय एवढं!"

तिथल्या पहिल्या नाताळला हीच मुलगी घरच्या आठवणीने इतकी रडली होती, की कंपनीने तिच्या कानामागे पट्टी लावण्यासाठी घरच्यांची परवानगी मागितली. पट्टी लावली की घराची ओढ लागत नाही. सही सिसिलियानेच केली होती. पोरीचं रडणं थांबू दे, एवढंच तेव्हा तिच्या डोक्यात होतं.

"मार्चमध्ये येतेस ना गं?"

"छे! करार सहा वर्षांनी वाढवला मी. मस्त चाललंय इथे. आणि हो, पार्सल मिळालं का? आता आईवडिलांनाही देतात. लावा दोघं, बरं वाटेल."

पडदा विझला. नवऱ्याने, इनासने, पार्सल फोडलं. आत दोन पट्ट्या होत्या. त्याने एकीचा कागद सोलला.

सिसिलियाने त्याचा हात धरला. "अहो, नका ना. उद्या तिने ती काढली आणि तिला घर आठवलं, तर? तिची वाट बघणारं कुणी नको इथे?"

इनासने हळूच हात सोडवून घेतला.

"तू आहेस ना," तो म्हणाला, आणि त्याने पट्टी कानामागे दाबून बसवली.