हमीची ओळ

"ही हमी कुणी दिली रे?" मंजिरीने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, तेव्हा विराजचा घास हातातच राहिला.

ऑफिसात दोघांनी रक्तपेढीसाठी केलेला प्रोग्रॅम दुपारी तिथल्या लोकांना दाखवायचा होता. विराजने लिहिलेल्या मेथडला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याला, रक्ताच्या पिशव्यांच्या कितीही नोंदी द्या, सगळ्या एकाच प्रकारच्या असल्या की झालं. पण आत भलतं काही शिरणार नाही, हे कॉम्प्युटरला तपासता येत नव्हतं, म्हणून तो धोक्याचा इशारा देत कुरकुरायचा. मेथडच्या वर 'आत धोका नाही' अशी हमीची एक ओळ लिहिली की गप्प बसायचा.

"अगं, सगळेच लिहितात."

"तपासून लिहितात! तो बिचारा कॉम्प्युटर तुझ्या शब्दावर विसंबून गप्प बसलाय."

शब्दाबद्दल हिने बोलावं? दिवाळीत त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हापासून ही नुसतं 'बघू' म्हणतेय. विराज हिरमुसला, पण डबा झाकून एकेक ओळ वाचू लागला. आणि सापडलं! नोंदींची यादी त्याने दुसऱ्या मेथडच्या हवाली केली होती, आणि तिथे पिशव्यांच्या रांगेत चक्क दात्याचा पत्ता घुसत होता. प्रोग्रॅम रक्तपेढीच्या लोकांसमोरच कोसळला असता. त्याने ती वाट बंद केली आणि हमीची ओळ नव्याने लिहिली.

मंजिरीने सगळं चालवून पाहिलं. कुठेच अडलं नाही. तिने त्याचा डबा उघडून पुढे सरकवला.

"जेव आता. आणि रविवारी आईबाबांना घेऊन आमच्याकडे ये."

विराजला ठसकाच लागला. "अगं, पण... तुझ्या घरच्यांना माझी हमी कोण देणार?"

"मी," पाण्याची बाटली पुढे करत ती म्हणाली. "दिवाळीपासून तपासतेय."