डी ड्राइव्ह

“या डिस्कवर सिस्टिम बसवता येत नाही,” असं स्क्रीनवर पुन्हा उमटलं.

“बसत नाही म्हणजे? तिचा बापही बसेल!” मुलगा म्हणाला. सकाळपासून तो त्या जुन्या कॉम्प्युटरच्या हात धुऊन मागे लागला होता. झाकण उघडं टाकून रॅम खोडरबरानं पुसून झाली, आतली बॅटरी बदलून झाली, दोन थपडाही मारून झाल्या.

“भंगारवालासुद्धा परत आणून देईल हा,” त्याची बायको म्हणाली. खुर्चीतले आबा हसले, आवाज न करता. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली, तेव्हापासून त्यांचं हसणं असंच होतं.

त्याआधी याच कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी होणाऱ्या नातवंडासाठी गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. आता सुनेला नववा लागला आणि मेला कॉम्प्युटर प्रत्येक गोष्टीच्या मध्यावर मान टाकायला लागला. म्हणून हा खटाटोप.

“गोष्टी पेन ड्राइव्हवर घेतल्यास ना?”

“पेन ड्राइव्ह एकच आहे, त्यात नवी सिस्टिम भरलीय. गोष्टी सी ड्राइव्हमधून काढून डीमध्ये टाकल्यात. सीचं काही का होईना, डीला धक्का लागत नाही. एवढं कळतं मला.”

मोबाइलवर कुणीतरी उपाय लिहिला होता : डिस्कवरचे सगळे भाग उडवा, मग बसवा. स्क्रीनवर सी-डी असं काही नव्हतंच, नुसते भाग आणि त्यांचे आकडे. खात्री आहे का, असं दर वेळी विचारलं गेलं. त्यानं धडाधड हो म्हटलं.

आणि बसली की सिस्टिम! “आबा, या पुढे, लावतो गोष्ट!” आबांनी खुर्ची ओढली.

सी होता. डी नव्हता.

त्यानं बंद करून परत चालू केला. मग वाकून उघड्या डब्यात पाहिलं. आत एकच डिस्क होती. सकाळपासून त्याच्या नाकासमोर ती एकटीच होती. 

“अरे, डी कुठाय?”

“ह्यातच होता. एकाच डिस्कचे दोन भाग... मीच उडवले गं.”

“म्हणजे गोष्टी?”

“गेल्या.”

ती मटकन पलंगावर बसली. मग एकदम उसळली, “आबा, गप्प काय बसलात? बोला ना याला काहीतरी!” बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला.

मुलगा मान खाली घालून उभा राहिला. आबांनी आत्ता आईबापावरून उद्धार केला असता तरी त्याला चाललं असतं.

आबा उठून जवळ आले. त्यांचे ओठ भराभर हलायला लागले. गळ्याच्या भोकावरचं पातळ फडकं श्वासाबरोबर उडत होतं. ते शिव्या घालत होते की गोष्ट सांगत होते, दोघांनाही कळेना.