भरलेली चावी

"एकदा पळताना बघायचंय मला," रत्नप्रभाकाकू म्हणाल्या. साकीनाक्याच्या गाळ्यात प्रीतमने त्यांचं जुनं खेळण्यातलं इंजिन उलटं करून पाहिलं.

"आतल्या चाकाचा दाता तुटून अडकलाय, काकू. नवा बसवतो. पण आधी स्प्रिंग सोडायला लागेल, चावी अजून फुल भरलेली आहे. कोणी दिली होती?"

"ह्यांनी. इंजिन हललं नाही, तर म्हणाले, उद्या बघतो. वर्ष होईल आता ह्यांना जाऊन."

प्रीतमने हळूच विचारलं, "मग सोडू ना? नंतर मी परत भरून देतो."

काकूंनी इंजिन त्याच्या हातातून घेतलं, पदराने पुसलं आणि पिशवीत ठेवलं.

"राहू दे. नंतरची तू भरशील. ही ह्यांनी भरलेली आहे."