चिंचोका आणि सातवी पेटी

"अरे, वाक आधी, मग खण!" लोटन आप्पा टॅबवर ओरडले.

टॅबमधल्या जोडीदाराला ते ऐकू जाणार नव्हतं. तरी तो वाकला. भुईला हात लावून कपाळाला लावला आणि मगच त्याने कुदळ मारली. आप्पांचा खेळाडूही वाकून घेत होता. त्या पाच-सहा सेकंदांत टेकडीपलीकडची जोडी येऊन पेटी घेऊन पसार झाली.

"नेऊ दे," आप्पा म्हणाले. "भुईच्या पाया पडल्याशिवाय कुदळ लावायची नाही म्हणजे नाही. दुसरी शोधू."

कळसाडी गावातल्या घराच्या ओट्यावर सकाळी आठ वाजता हा कारभार सुरू व्हायचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस आता मांडीवर टॅब घेऊन खजिना शोधत बसायचा. शेजारची कौसाबाई जाता-येता हसायची. हसेना का!

खेळ आप्पांचा नव्हताच, मुलाचा होता. भाग्येश तीन वर्षांपासून कॅनडात. महिन्यापूर्वी त्याने टॅब पाठवला आणि फोनवर समजावलं. खेळात जोडीने खजिना शोधायचा नवा भाग आलाय, पण तो चारच देशांत खुला केलाय. भारतात आहे, कॅनडात नाही.

"आप्पा, मन्हा नावावर तुम्ही खेळा. नही तर मन्हा नंबर जाई. जोडीदार चिंचोका म्हणून शे, सुरतना. तुम्ही खेळी ऱ्हायनात हाई त्याले समजू देऊ नका. नियमात बसत नही."

आप्पांना ते पोरखेळ वाटलं होतं. पण झालं असं, की भाग्येश रोज फोन करायला लागला. सकाळी नऊला खेळ संपला की पाच-दहा मिनिटांत घंटी वाजायचीच. "झोपायच्या आधी म्हटलं विचारून घ्यावं," म्हणायचा. कुठली पेटी, कुठली दरी, कोण आडवं आलं, सगळं ऐकायचा. अर्धा-अर्धा तास!

बायको, निर्मलाबाई, गेल्यापासून दोन वर्षं बाप-लेकांचा फोन रविवारी एक मिनिट चालायचा. बरं शे ना? बरं शे. जेवनात? जेवनू. ठेवू? ठेव. बाप-लेकांमधलं सगळं बोलणं निर्मलाबाईच करायची, हे ती गेल्यावर कळलं.

म्हणून आप्पांना एकच धास्ती होती. हा भाग उद्या कॅनडात खुला झाला, की भाग्येश स्वतःच खेळेल. मग फोन कशाला करेल? दर दोन दिवसांनी ते सहज विचारल्यासारखं करायचे, "तठे उघडना का रे?"

"नही ना आप्पा. अजून नही."

आप्पांना हायसं वाटायचं. मग स्वतःचीच लाज वाटायची.

चिंचोका मात्र गुणाचा होता. पहिल्याच सकाळी दोघे खड्ड्याशी एकदम वाकले, तेव्हाच आप्पांनी ओळखलं, शेतकऱ्याच्या घरचं पोर आहे. नदी आली की आधी स्वतः उतरून खोली बघायचा, मग आप्पांसाठी थांबायचा. एकदा घाईत आप्पांनी लिहिलं, "थांब, मी ई ऱ्हायनू." लिहिल्यावर जीभ चावली. पण त्याचं उत्तर आलं, "या सावकाश." सुरतेत निम्मं खान्देश राहतं, त्याला बोली समजायचीच.

खोड एकच. भर सकाळी लिहायचा, "झोप येतेय."

"आठ वाजता झोपा काढतोय!" आप्पा पुटपुटायचे. "याच्या बापाने याला कधी उठवलं नसेल."

खेळाचा हंगाम चाळीस दिवसांचा होता आणि सातवी पेटी शेवटची; ती उघडली की खेळ संपला. हंगाम संपणं म्हणजे काय, ते कारखान्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गाड्या थांबतात, काटा रिकामा राहतो आणि माणसं आपापल्या वाटेने जातात.

सदतिसाव्या दिवशी सातव्या पेटीची जागा सापडली. वडाखाली होती, अगदी समोर. आप्पांनी वळून उलटी वाट धरली. मुद्दाम. आता चिंचोका चिडणार असं वाटलं, तर तोही मुकाट्याने मागे आला. अडतिसाव्या दिवशी चिंचोकाच नको त्या डोंगरावर चढून बसला. एकोणचाळिसाव्या दिवशी दोघे वडासमोर नुसते उभे राहिले. शेवटी त्याने लिहिलं, "आज राहू दे. उद्या बघू."

"राहू दे," आप्पांनी लगेच लिहिलं.

त्या दिवशी फोनवर त्यांनी मुलाला थाप मारली. "सातवी काही सापडी नही ऱ्हायनी रे."

"घाई नका करू आप्पा," भाग्येश म्हणाला. "आरामशीर."

चाळिसाव्या दिवशी इलाजच नव्हता. दोघे वडाखाली गेले. दोघे वाकले. आज आप्पा जरा जास्तच वेळ वाकून राहिले आणि चिंचोकाही. मग कुदळी चालल्या. झाकण उघडलं, सोनं उसळलं, ढोल वाजले. आप्पांना रडूच आलं. घरात कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

ढोल थांबले. पडद्यावर जोडीचं प्रशस्तिपत्र आलं, कोण कधीपासून कुठून खेळलं ते. भाग्येशला वाचून दाखवावं म्हणून आप्पांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

भाग्येश. पहिल्या दिवसापासून. देश भारत.

चिंचोका. पहिल्या दिवसापासून. देश कॅनडा.