उतरलेली पट्टी

वृंदा आठ वर्षं शिकवणीला जाऊन, समोर नोटेशनचा कागद ठेवून पियानो शिकली होती. धाकटी जाऊ केतकी मोबाईलवर धडे बघत चार महिन्यांत चार कॉर्ड शिकली, आणि स्वतःच्या पंच्याहत्तरीच्या समारंभात गाणाऱ्या सासऱ्यांनी साथीला बसवलं ते तिलाच. "वृंदाचं कागदाशिवाय अडतं," म्हणाले.

ते वाक्य तिला तेव्हापासून डाचत होतं. समारंभात सगळे औक्षणात गुंतलेले असताना तिने साथीच्या कीबोर्डची पट्टी उतरवणारं, सगळे सूर खाली आणणारं बटण तीनदा दाबलं. होऊ दे फजिती दोघांची!

केतकीने रोजचेच कॉर्ड धरले. सासरे क्षणभर अडखळले, मग सूर पकडून गाऊ लागले. आणि तालमीत रोज जिथे आवाज फाटायचा, ती वरची जागा आज अलगद लागली. वन्समोअर आला.

केतकीची नजर बटणाशेजारच्या 'उणे तीन' या आकड्यावर गेली. "अहो, हे वृंदाताईंनी केलं!" ती आनंदाने ओरडली. "हे बटण घरात दुसऱ्या कुणाला कळतंय? बाबांसाठी गुपचूप पट्टी उतरवली त्यांनी!"

आठ वर्षांत पहिल्यांदाच सगळं घर वृंदासाठी टाळ्या वाजवत होतं, आणि एकेक टाळी तिच्या गालावर बसत होती.