पांढरं हेल्मेट

“पांढरं हेल्मेट साहेबांचं, पिवळं कामगारांचं. लोंढेबाई पांढरं घालून फिरल्या, म्हणजे त्या मॅनेजमेंटच्या झाल्या. युनियनच्या निवडणुकीतून त्यांचा अर्ज बाद करा!” कुरणे तावातावानं बोलत होता. सगळ्यांची हेल्मेटं मांडीवर होती. त्याचं तेवढं डोक्यावर. सारखा पट्टा चाचपत होता.

निवडणूक अधिकारी तात्यांनी विचारलं, “बाई, घातलं होतं?”

“एक दिवस. खुंटीवर तेवढंच होतं.”

“मग तुमचं पिवळं कुठं गेलं?”

“क्रेनखाली एक कंत्राटी कामगार उघड्या डोक्यानं उभा होता. त्याला घातलं. आत माझं नाव लिहिलंय.”

“कोण तो?”

“नाव कशाला हवं?” बाई म्हणाल्या. यंदाच कंत्राटातून कायम झालेल्या कुरणेनं पट्टा आणखी आवळला.

“अरे, इथं काय डोक्यात पडतंय?” तात्या त्याला म्हणाले. “काढ ते.”